कामाची हमी आणि गैरहजेरीची शिक्षा

सरकारकडे काम मागायचे, आणि काम मिळाले की यायचे नाही, अशा मजुराचे काय करायचे याचे उत्तर महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या, म्हणजे २००५च्या कायद्याच्या, कलम ९ मध्ये आहे. देऊ केलेले काम नाकारले, कळवल्यापासून पंधरा दिवसांत कामावर हजर झाला नाही, परवानगीशिवाय सलग आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला किंवा एका महिन्यात मिळून आठवड्याहून जास्त खाडे केले, तर त्या मजुराला तीन महिने बेरोजगार भत्ता मागता येत नाही. हे कलम एवढ्यावरच थांबते. त्याच काळात तो पुन्हा काम मागू शकतो आणि ते त्याला द्यावेच लागते. शिक्षा भत्त्यापुरती आहे, कामाचा हक्क शाबूत राहतो.

ही शिक्षा किती जड आहे, हे भत्त्याच्या हिशोबावरून कळते. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही की भत्ता लागू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि त्यापुढे किमान निम्मी मजुरी, असा त्याचा दर आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे भत्ता आधी ७८ आणि नंतर १५६ रुपये. हा पैसा राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून द्यायचा असतो. प्रत्यक्षात तो क्वचितच कोणाच्या हाती पडतो. जो भत्ता मिळतच नाही तो तीन महिने बंद करण्याची शिक्षाही मग कागदावरच राहते. मजुराचे खरे नुकसान दुसऱ्याच वाटांनी होते. त्या पाहण्याआधी थोडे मागे जाऊ.

कामाच्या बदल्यात मदत आणि काम न केल्यास कपात, ही पद्धत या मुलखात जुनी आहे. १८७६-७७च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारने मजुरी उतरवली आणि मजुरांना घरापासून लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायला सुरुवात केली. तेव्हा दख्खनमधले हजारो दुष्काळग्रस्त कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. १८९९-१९००च्या दुष्काळात नेमून दिलेले मोजमाप पुरे न करणाऱ्याला नेहमीच्या किमान मजुरीहूनही कमी, दंडाची मजुरी देण्याची पद्धत होती. उपाशी माणसाची ताकद कमी, म्हणून काम कमी, म्हणून मजुरी कमी, आणि म्हणून ताकद आणखी कमी, असे ते क्रूर चक्र होते.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने हे चक्र मोडायचे ठरवले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२-७३च्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे ही आता याचना राहिली नाही. पुढे केंद्राचा २००५चा कायदा आला आणि १ एप्रिल २००८ पासून तो देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती, त्यापुढच्या दिवसांचा भार राज्याने उचलायचा अशी महाराष्ट्राची रीत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी १२५ दिवसांची आहे, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे.

रायगड जिल्ह्यात या नियमांची गाठ पडते ती कातकरी आदिवासींच्या वर्षाशी. पनवेल–रोहा रेल्वेमार्गावरचा, पेण आणि नागोठणे यांच्यामधला कासूचा परिसर घ्या. हा सगळा भाग पावसाच्या भाताचा. आषाढ-श्रावणात लावणी असते, मातीकाम करता येत नाही. भात कापून झाले की बांधबंदिस्ती, फळबागेचे खड्डे, रस्त्याची कामे निघू शकतात. नेमक्या त्याच वेळी, दिवाळीच्या मागेपुढे, पेण-रोह्याच्या वाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसाभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला मुलाबाळांसकट जावे लागते आणि परत येणे होते ते पावसाच्या तोंडावर.

आता समजा, अशा कुटुंबाने कापणीनंतर नमुना ४ भरून ग्रामपंचायतीकडे काम मागितले. वाट पाहण्यात दोन आठवडे गेले, आणि कुटुंब भट्टीवर गेले. काम निघाल्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, पत्र बंद घरी येते, आणि कलम ९चे पंधरा दिवस मोजायला लागतात. नोंदीत हा मजूर काम नाकारणारा ठरतो. त्याने नाकारले काहीच नाही, काम उशिरा आले एवढेच. उचल घेण्याची वेळ येण्याआधी, भाद्रपद-आश्विनातच काम तयार असेल तर हे स्थलांतर निम्मे तरी थांबेल, आणि गैरहजेरीचा प्रश्नही त्याबरोबर सुटेल.

कामावर आलेल्या मजुरालाही दिवस गमावण्याची भीती असते. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइल ॲपवर सक्तीची झाली. कामावर देखरेख करणाऱ्या मेटने सकाळी मजुरांचा फोटो काढायचा आणि चार तासांनी दुसरा. नेमून दिलेली खोदाई दुपारच्या आत उरकली तरी दुसऱ्या फोटोसाठी बाईमाणसाला उन्हात थांबावे लागते. फोटो चढला नाही तर राबलेला दिवसही हजेरीपटावर कोरा राहतो. ॲपचा गैरवापरही झाला आहे. फोटोचाच फोटो काढून चढवल्याचे प्रकार केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच २०२५च्या जुलैमध्ये नोंदवले. चोरी अडवायला हवीच, पण मजुराचा दिवस खाऊन नव्हे. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. तिथे नावाचे एक अक्षर चुकले तरी पैसे अडकतात. यातले काहीच कायद्याच्या भाषेत शिक्षा नाही, म्हणून त्याविरुद्ध अपीलही सुचत नाही.

परदेशात शिक्षा उघड आणि कडक आहे. अमेरिकेत मुले नसलेल्या धडधाकट प्रौढाने महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण केले नाही, तर त्याला तीन वर्षांत तीनच महिने अन्नसाहाय्य मिळते. ब्रिटनने २०१२ साली भत्ता तीन वर्षांपर्यंत बंद करण्याची सोय केली आणि २०१९ मध्ये ती कमाल मुदत सहा महिन्यांवर आणली. त्याच वर्षी जर्मनीच्या घटना न्यायालयाने तीस टक्क्यांहून जास्त कपात घटनाबाह्य ठरवली, कारण माणसासारखे जगण्यापुरते मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

आपल्या २००५च्या कायद्यात चुकणाऱ्या यंत्रणेलाही दंड आहे. कायदा मोडणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मजुरी उशिरा दिल्यास थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई द्यावी लागते. सहा दिवसांच्या १,८७२ रुपयांवर ही भरपाई दिवसाला सुमारे ९४ पैसे होते. मजुराचे तीन महिने आणि यंत्रणेचे ९४ पैसे हे न्याय्य माप नाही.

तरीही याच कायद्यात मजुराच्या हाती एक गोष्ट असते, ती म्हणजे तारीख घातलेली पोच. अर्ज दिल्याबरोबर ग्रामरोजगार सेवकाकडून नमुना ५ची पोचपावती घेतली, तर पंधरा दिवस कधी भरले हे सिद्ध करता येते. आजारपण, बाळंतपण किंवा घरातले मरण यामुळे खाडा होणार असेल, तर लेखी परवानगी मागून त्याचीही पोच ठेवावी, कारण कलम ९ची सलग गैरहजेरीची अट परवानगीशिवायच्या खाड्यांबद्दल आहे. तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात तहसीलदाराकडे, करता येते आणि २००५च्या कायद्याने ती सात दिवसांत निकाली काढायची मुदत त्याला घातली आहे.