मनाची उभारी आणि जवळचें माणूस

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी सुरू झाली. महाविद्यालयें बंद पडलीं, वसतिगृहें रिकामीं झालीं आणि पुण्यामुंबईस शिकणारीं कितीतरी मुलें आपापल्या घरीं परतलीं. शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं, असा निकाल २८ ऑगस्टला लागला. तोंपर्यंतचे पांच महिने या मुलांनीं अधांतरीं काढले.

अशा प्रसंगीं कोणी खचतो, कोणी तग धरतो. हा फरक कशानें पडतो? हवाई बेटांपैकीं कौआई येथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ या विदुषींनीं तीं प्रौढ होईपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, गृहकलह अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलें कर्तीं निघालीं. त्यांच्या ठायीं आढळलेली एक मोठी गोष्ट ही कीं, आईबाप, आजी, शिक्षक यांपैकीं एका तरी माणसाशीं त्यांचा घट्ट स्नेह होता. पाठीशीं खात्रीचा आधार असला म्हणजेच मूल धीटपणें पुढें पाऊल टाकतें, आणि ही गरज बालपणाबरोबर संपत नाहीं, असें इंग्लंडांतील मनोवैद्य जॉन बोल्बी यांनींहि सांगितलें आहे.

आमच्या घरांत माणसांस काय तोटा, असें एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस वाटेल. परंतु घरांत माणसें असणें निराळें आणि जवळचें माणूस असणें निराळें. विशीच्या उंबरठ्यावरील मुलाचीं गुजें बहुधा मित्रांपाशीं असतात. टाळेबंदींत तो फोन कानाला लावून गच्चीवर बसला, तेव्हां कित्येक घरांत तो वेळेचा अपव्यय ठरला. वस्तुतः तेवढाच दोर त्याच्या हातीं उरला होता.

महामारी ओसरली, तथापि नापास होणें, नोकरी न मिळणें, मन मोडणें या आपत्ति घरोघर चालूच राहावयाच्या. म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच: मुलगा वा मुलगी बोलावयास आली असतां उपदेशाची घाई करूं नये, आधीं ऐकून घ्यावें. तिच्या मैत्रिणींस, त्याच्या मित्रांस घरांत मान द्यावा. आईबापांशीं बोलण्याचा संकोच असेल, तर आत्या, काका, आजी यांपैकीं एकानें तरी आपलें दार सदैव उघडें ठेवावें. आपत्ति टाळणें आपल्या हातीं नसतें. आपत्तींत कोणी एकटा न पडेल, हें पाहणें मात्र खास आपल्या हातीं आहे.