चाफ्याच्या रस्त्यावरचे मल्लेश्वरम

बंगळूरला गेलेला मराठी माणूस लालबाग, विधानसौध पाहून परततो. एक सकाळ मात्र मल्लेश्वरमसाठी राखून ठेवावी. तिथे आपलीच एक जुनी खूण आहे.

१६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये इथल्या मल्लेश्वराला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. 'काडु मल्लेश्वर' म्हणजे रानातला मल्लेश्वर. समोरचे नंदीतीर्थ १९९७ मध्ये मातीखालून मोकळे झाले. तिथे नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पाण्याची धार पडते.

वस्ती मात्र अलीकडची. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीच्या पेठेतली कुटुंबे मोकळ्या हवेसाठी इकडे आली. रस्त्यांना झाडांची नावे मिळाली. संपिगे रोड सोनचाफ्याचा, मार्गोसा रोड कडुनिंबाचा!

भूक लागली की सातव्या क्रॉसवरचे 'सीटीआर' गाठावे. इथला बेण्णे मसाला डोसा म्हणजे लोण्यात खरपूस भाजलेला, आतून मऊ. इडली-चटणी हवी तर 'वीणा स्टोअर्स', तीही उभ्याउभ्याच खायची. वर फिल्टर कॉफी. एक कॉफी दोघांत हवी असेल तर नुसते 'बाय टू' म्हणावे, कुणी नवल करत नाही.

आठव्या क्रॉसवर फुले, बांगड्या, पूजेचे साहित्य मिळते. गौरी-गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

अंगणाची जुनी बैठी घरे मात्र एकेक करून पडताहेत, त्यांच्या जागी इमारती उठताहेत. मंदिरातला शिलालेख टिकेल, घरांचा भरवसा नाही. पाहायची असतील तर फार उशीर करू नये.