निघण्याआधीची फेरी

भिवंडीच्या नारपोलीत माल भरायला उभा असलेला ट्रक हे ड्रायव्हरचं घरही असतं. सीटमागच्या फळीवर अंथरूण, बाजूच्या पेटीत पिठामिठाचे डबे, 5 किलोचा सिलेंडर. मुंबईच्या जकातीबाहेर राहायचं म्हणून भिवंडीत गोदामं वाढली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली. गोदामं इथंच राहिली आणि गाड्यांचे मुक्कामही.

नाशिककडे निघालेल्या एका गाडीभोवती ड्रायव्हर आणि क्लीनर असलेला त्याचा भाचा पहाटे फेरी मारत होते, त्यांच्यामागे मीही फिरलो. आधी गाडीखालची जमीन पाहिली: रात्रीत तेल किंवा कूलंट ठिबकलंय का? मग टायर. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तरी वरवर कळत नाही, कारण बाहेरचा टायर भार उचलून धरतो. म्हणून पान्याने ठोकून पाहायचं. भरलेल्या टायरवरून पाना उसळतो, बसलेल्यावर आवाज दबतो.

"मामा, आतला दबका वाजतोय."

"गेज लाव. नुसत्या आवाजावर जाऊ नको."

मामांचं बरोबर होतं. ठोक्याने फरक कळतो, आकडा कळत नाही. जोडीत अडकलेला दगड त्यांनी सळईने काढला. चाकाच्या नटांभोवती गंजाचे ताजे ओघळ आहेत का, तेही बॅटरी मारून पाहिलं. तसे ओघळ दिसले तर नट सैल झाल्याचा संशय घ्यायचा.

ब्रेकला मात्र त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. ब्रेकच्या हवेच्या टाकीखालची तार भाच्याने ओढली, फस्सकन तेलकट पाणी बाहेर आलं. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेतल्या वाफेचं टाकीत पाणी होतं. पाणी साचलं की हवेला जागा कमी पडते आणि व्हॉल्व्ह गंजतात. पावसाळ्यात तर हे रोज करावं लागतं. मग हवा पूर्ण भरून इंजिन बंद केलं. मामांनी ब्रेक दाबून धरला, डोळे काट्यावर. भाचा खाली पाइपांना कान लावून बसला. काटा हलला नाही तेव्हाच ते उठले.

शेगडीबद्दल दोघांचा नियम कडक आहे: स्वयंपाक बाहेर, गाडीच्या आडोशाला. गॅस हवेपेक्षा जड असतो. केबिनमध्ये गळला तर खाली फरशीवर साठतो आणि तिथं एक ठिणगी पुरते. नळी आणि रेग्युलेटरच्या सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते भाचा पाहतो, निघताना सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरला हा दिलासा फार आधी मिळायला हवा होता. पण काचा बंद ठेवून झोपायची सवय लागली की आत शेगडी किंवा कोळसा पेटवणं आणखी घातक. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही.

या सगळ्याला अर्धा तास लागला. माल पोचवण्याची वेळ ठरवताना हा अर्धा तास कुणीच धरत नाही, आणि घाई झाली की ड्रायव्हर पहिली काट फेरीलाच मारतो. गोदामवाल्यांनी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनी तो वेळ भाड्याच्या हिशेबातच धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तपासणी नारपोलीत संपली नव्हती. पडघ्याला चहासाठी थांबल्यावर भाचा आधी प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहणार होता. एकच हब इतरांपेक्षा तापलेला लागला, तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. तसं असेल तर मिस्त्री गाठायचा, कसारा घाट नंतर.