कल्ल्यांपाशी ठरणारी मर्यादा

पिण्याच्या पाण्यात तांबे किती असावे, हे आयएस 10500 या भारतीय मानकाने 2012 मध्ये नेमके सांगितले आहे: लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तेथे 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सवलत. जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची सोय माणसाच्या यकृतात असल्यामुळे ही सवलत परवडते, आणि तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी घरोघर निःशंकपणे प्यायलेही जाते. गोड्या पाण्यातल्या माशाला, गोगलगायीला किंवा डाफ्नियासारख्या सूक्ष्म कवचधारी जीवाला मात्र ही सवलत प्राणघातक ठरू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दीर्घकाळ वापरलेल्या सूत्रानुसार, मध्यम कठीण पाण्यात जलचरांसाठी तांब्याची अल्पकालीन मर्यादा लिटरला सुमारे 13 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.013 मिलिग्रॅम एवढी येते. माणसाला सवलतीत चालणारे पाणी त्याहून शंभरपटीने अधिक तांबे बाळगणारे असू शकते.

या तफावतीचे कारण माशाच्या कल्ल्यांत आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात सोडिअम आणि क्लोराइड बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे हे क्षार त्याच्या शरीरातून सतत पाझरत राहतात, आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशी ते पाण्यातून अखंडपणे परत ओढून घेत असतात. तांब्याचा मुक्त आयन, म्हणजे कशाशीही बांधला न गेलेला विद्युतभारित कण, याच पेशींवर बसून सोडिअम आत घेणारी यंत्रणा बंद पाडतो. रक्तातील क्षार घटत जातात, रक्त दाट होते आणि शेवटी अभिसरण कोलमडते. कॅडमिअम आणि जस्त अशाच रीतीने कॅल्शिअमची वाट अडवतात. हे सारे शरीराच्या पृष्ठभागावरच घडत असल्यामुळे, आत गेलेल्या विषावर यकृताने काही उपाय करण्याची वेळच येत नाही.

मर्यादेचा आकडा काढण्याची जी पद्धत अमेरिकेने 1985 मध्ये निश्चित केली, तिच्यात किमान आठ निरनिराळ्या कुलांतील प्राण्यांवरील चाचण्या आवश्यक असतात. सॅमन-ट्राउटच्या कुलातील एक मासा, दुसऱ्या एखाद्या कुलातील मासा, पाण्यात तरंगणारा आणि तळाशी राहणारा असे दोन कवचधारी, एखादा कीटक, आणि मृदुकाय किंवा वलयांकित प्राण्यांसारख्या वेगळ्याच गटातील एखादा जीव यांचा त्यांत समावेश होतो. निम्मे प्राणी दगावतील ती मात्रा प्रत्येक प्रजातीसाठी काढून त्या आकड्यांची संवेदनशीलतेनुसार मांडणी केली जाते, सर्वांत नाजूक पाच टक्क्यांच्या सीमेवरची मात्रा निवडली जाते आणि तिला दोनाने भागून अल्पकालीन मर्यादा मिळते. दीर्घकालीन मर्यादा वाढ आणि प्रजनन यांवरील परिणामांतून वेगळी काढतात, आणि ती चार दिवसांच्या सरासरीला लागू होते. पंच्याण्णव टक्के गटांचे रक्षण पुरेसे मानणे हा निर्णय मात्र गणिताचा नाही, मूल्यांचा आहे. उरलेल्या पाच टक्क्यांत एखाद्या नदीपुरतीच उरलेली प्रजाती असेल, तर तो निर्णय तिच्यासाठी अपुरा ठरतो.

धातूंच्या बाबतीत खरी अडचण याच्याही पुढची आहे, कारण धातू तोच आणि मात्राही तीच असली तरी त्याचा विषारीपणा पाण्यागणिक बदलतो. कठीण पाण्यातील कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम कल्ल्यांवरील त्याच जागांसाठी धातूशी स्पर्धा करतात. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेला सेंद्रिय कार्बन तांब्याला बांधून ठेवतो. आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान, मुक्त आयनांचे प्रमाण ठरवतो. जुन्या सूत्रात यांपैकी फक्त कठीणपणा धरलेला होता, तरीही लिटरला 25 मिलिग्रॅम कठीणपणाच्या मृदू पाण्यात तांब्याची मर्यादा सुमारे 3.6 मायक्रोग्रॅम आणि 200 मिलिग्रॅमच्या पाण्यात सुमारे 26 मायक्रोग्रॅम येत असे, म्हणजे सातपट फरक पडत असे. 2007 मध्ये तांब्यासाठी स्वीकारलेल्या नव्या प्रतिमानात कल्ल्याचा पृष्ठभागच धातू पकडणारा एक घटक धरला जातो, आणि तापमान, सामू, सेंद्रिय कार्बन, क्षार अशी अनेक मोजमापे घेऊन त्यावर किती तांबे बसेल याचे गणित मांडले जाते. जीवाला प्रत्यक्ष भिडू शकणाऱ्या या अंशाला जैवउपलब्ध धातू म्हणतात, आणि युरोपीय संघानेही 2013 मध्ये निकेलसाठी 4 व शिशासाठी 1.2 मायक्रोग्रॅम ही नद्या-सरोवरांतील वार्षिक सरासरीची मानके याच अंशावर बेतली.

एवढी काळजी घेऊनही काही इजा निसटतात. कोहो सॅमनच्या पिलांना दोन ते वीस मायक्रोग्रॅम तांब्याच्या पाण्यात केवळ तीन तास ठेवले, तरी त्यांची घ्राणशक्ती मंदावते आणि शिकाऱ्याची चाहूल देणारा वास त्यांना कळेनासा होतो. प्रयोगशाळेतील मोजणीत असे पिल्लू जिवंत ठरते. नदीत ते फार दिवस टिकणार नाही. अशा संशोधनाचा आधार घेऊन वॉशिंग्टन राज्याने 2010 मध्ये वाहनांच्या ब्रेक पॅडमधील तांबे टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा कायदा केला, कारण झिजलेल्या पॅडची धूळ पावसाबरोबर ओढ्यांत उतरते आणि धातूचे विघटन कधीच होत नसल्यामुळे तो उगमापाशीच रोखावा लागतो.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठीचे पाणी ‘ड’ वर्गात येते, आणि त्याचे निकष तीनच आहेत: सामू 6.5 ते 8.5, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त 1.2 मिलिग्रॅम. तांबे, जस्त, कॅडमिअम किंवा शिसे यांचा त्यात उल्लेखही नाही. धातूंवरचे बंधन आहे ते सांडपाण्यावर, आणि नद्या-तलावांत सोडण्याच्या सांडपाण्यात सर्वसाधारण मानकांनुसार लिटरला 3 मिलिग्रॅम तांबे चालते. हे पूर्णपणे कायदेशीर सांडपाणी मृदू पाण्याच्या प्रवाहात मिसळले, तर वर दिलेल्या 3.6 मायक्रोग्रॅमच्या पातळीवर येण्यासाठी ते आठशेपटींहून अधिक विरळ व्हावे लागेल, आणि चैत्र-वैशाखात आटलेल्या नदीत तेवढे पाणी नसते.

महाराष्ट्रात ही उणीव अधिक बोचते, कारण दख्खनच्या पठारावरील काळ्या कातळातून झिरपलेले पाणी कॅल्शिअम-मॅग्नेशिअमने समृद्ध असते, तर सह्याद्रीच्या जांभ्यावरून कोकण-गोव्याकडे उतरणाऱ्या पावसाळी ओढ्यांचे पाणी अतिशय मृदू असते. दोन्हींना एकच आकडा लावला तर तो पठारावर विनाकारण कडक किंवा घाटाखाली धोकादायक रीतीने सैल ठरेल, आणि जगात दुसरीकडे कोठेही न आढळणारे गोड्या पाण्यातील अनेक मासे नेमके सह्याद्रीच्या ओढ्यांतच राहतात. ट्राउटवरील चाचण्यांतून आलेला आकडा त्यांना पुरेल असे गृहीत धरण्याऐवजी स्थानिक मासे, गोगलगायी आणि कीटकांवर चाचण्या घ्याव्या लागतील. तोपर्यंत धातूसाठी घेतलेल्या प्रत्येक नमुन्याबरोबर कठीणपणा, सामू आणि सेंद्रिय कार्बन यांचीही नोंद ठेवणे हे आजच सुरू करता येण्यासारखे काम आहे.