आजीचं मनगट आणि लंडनचा गेंडा

धाकट्या, तुझा प्रश्न रास्त आहे. तू चिंचेवरून पडलास तर नुसता गुडघा खरचटला, आणि आजी न्हाणीत घसरली, हात टेकायला गेली, तर मनगटच मोडलं. बसा सगळे, सांगतो. पण लंडनपर्यंत जाऊन यावं लागेल.

रानात जनावराचं पांढरं हाड पडलेलं बघता ना, ते मेलेलं. जिवंत हाडात रक्त खेळतं. जुन्या वाड्याची डागडुजी चालावी तसं तिथं बारा महिने काम चालू: एक टोळी जुनं पाडते, दुसरी नवं बांधते. पाडणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि कॅल्शियम विरघळवतात. बांधणाऱ्या त्या ऑस्टिओब्लास्ट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. तुझ्या वयात बांधणाऱ्यांचा जोर असतो.

"पण पाडायचंच कशाला?" बघा, मोठीनं नेमकं धरलं. अंगात किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलं चिमूटभर, पण काळजाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल त्या चिमटीवर चालते. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर हातापायाला वांब येतात. म्हणून ते कमी पडलं की शरीर हाडातून काढून घेतं. मग हाडाला हे सांगतं कोण?

इथं गेंडा येतो. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक गेंडा मेला, आपल्या हिंदुस्थानातला, एकशिंगी. रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञानं तो चिरायला घेतला. एवढं अवाढव्य धूड, आणि त्याच्या गळ्यात थायरॉइडला चिकटलेली पिवळसर बारकी गाठ या माणसाला दिसली! त्यानं ती लिहून ठेवली, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढं १८८० मध्ये स्वीडनच्या उप्साला गावी ईवार सांडस्ट्रॉम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं तसल्याच गाठी माणसाच्या गळ्यात असल्याचं दाखवलं. बहुतेकांना चार असतात, एकेक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. पॅराथायरॉइड. रक्तात कॅल्शियम उतरलं की यांचा हार्मोन सुटतो आणि हाड पाडायचं काम वाढतं.

त्या पाडापाडीला आवर घालणारं बायकांच्या अंगात इस्ट्रोजेन असतं. पाळी थांबली की ते आटतं, पाडणाऱ्या पेशी जास्त दिवस जगतात, आणि बांधणाऱ्या मागं पडतात. आजीचं मनगट असं वर्षानुवर्षं आतून विरळ होत गेलं, न्हाणी निमित्त झाली. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. गर्भाशयाबरोबर जिची दोन्ही अंडाशयंही गेली, तिची हाडं तिशीतच आजीच्या वाटेला लागणार. ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, ती या हाडांवर. मला तर हे आठवलं की घास उतरत नाही.

आता खरी गंमत. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात काही उंदरांच्या माद्या जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वाढवल्या. मग त्यांचं आणि साध्या माद्यांचंही इस्ट्रोजेन औषधानं थांबवलं. साध्या माद्यांची हाडं विरळ झाली, निर्जंतुक माद्यांची झालीच नाहीत! २०१६ मधलं हे काम. इस्ट्रोजेन गेलं की आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, जिवाणूंचे अंश पलीकडं जातात, संरक्षक पेशी खवळतात आणि हाड पाडणाऱ्यांना चिथावतात. "मग जिवाणूच मारून टाकू की!" थांब. त्याच प्रयोगात साध्या माद्यांना एका जातीचे लॅक्टोबॅसिलस जिवाणू चारले, तर त्यांची हाडं वाचली. जिवाणू कोणते आहेत, यावर सगळं आहे.

माणसांचं मात्र एवढं सरळ नाही. स्वीडनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षभर दुसऱ्या जातीचे लॅक्टोबॅसिलस दिले, तर झीज कमी दिसली. तेच नुकती पाळी थांबलेल्या बायकांना देऊन पाहिले, तर काही फरक नाही. तेव्हा मेडिकलमधून महागड्या कॅप्सूल आणायच्या भानगडीत पडू नका.

आपली शाळूची भाकरी बघा. कॅल्शियम म्हणाल तर १०० ग्रॅम ज्वारीत तिसाच्या आतबाहेर मिलिग्रॅम. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तिळात त्याहून कितीतरी जास्त. पण भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यातला काही आतड्यातले जिवाणू खातात आणि आम्लं तयार करतात. त्या आम्लांनी आतड्यात कॅल्शियम विरघळून आत शिरायला मदत होते. येळवसेला शेतात आंबील पिता ना, ज्वारीचं पीठ आणि ताक? तिचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, तेही जिवाणूंचंच काम. हाडासाठी म्हणून आंबील कुणी तपासून बघितल्याचं मी वाचलेलं नाही, पण मी ती दोन वाट्या जास्तच पितो.

ऊनही लागतं. उन्हात कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. बार्शीत उन्हाला काय तोटा! पण तुमची आजी सकाळी दहाला घरात शिरते ती पाचला बाहेर येते.

डॉक्टरांनी तिला आठवड्याची एक गोळी दिलीय, पाडणाऱ्या टोळीला आवरणारी. सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचंप्यायचं नाही. हाड मोडल्याचं तिला एवढं वाटत नाही. रविवारी गोळीपायी चहा अर्धा तास लांबतो, त्यावरून मात्र ती मलाच बोलते, "अहो, कसला मेला तुमचा गेंडा!"