पाणीमहालाच्या राजाच्या हातात चिपळ्या!

मुलांनो, भर पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला पाहिलाय का? बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' अशा दोन धबधब्यांनी खाली कोसळतं आणि आपण बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभे! मीर इमादीन नावाच्या कारागिराने 1613 साली तो बांधला. पण ज्या राजाच्या काळात बांधला, तो दिसायचा कसा?

तो विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह. 1580 साली गादीवर बसला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता. चांदबिबी ही त्याची काकू, तिनंच त्याला सांभाळलं. त्या काळी फोटो कुठले! पण त्याची चित्रं आहेत बरं का.

राजाचं चित्र म्हटलं की ढाल, तलवार, घोडा हे आलंच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका चित्रात मात्र इब्राहिमच्या हातात आहेत चक्क चिपळ्या! दुसरं चित्र थेट प्रागच्या संग्रहालयात, फारुख बेगने काढलेलं. त्यात राजेसाहेब तंबोऱ्यासारखं वाद्य वाजवताहेत, गळ्यात रुद्राक्षांची माळ. गाण्याचं त्याला भारी वेड. 'किताब-ए-नौरस' हे गीतांचं पुस्तक त्याने दखनी भाषेत लिहिलं. त्यात सरस्वती आणि गणपतीचीही स्तुती आहे. आपल्या लाडक्या तंबोऱ्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'मोतीखान'!

अशी चित्रं काढणं म्हणजे जिकिरीचं काम. कागदावर कागद चिकटवून जाड करायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, वाटून केलेले रंग, वर सोन्याचा मुलामा. राजपूत दरबारात राजाचा चेहरा बहुतेक एका बाजूने काढत, नाण्यावर असतो तसा. दख्खनी चित्रकार तो कित्येकदा आपल्याकडे थोडा वळवीत. पुढे बिकानेरचे महाराज अनुपसिंह मोगलांच्या फौजेतून दख्खनमध्ये लढले. त्या काळात इकडची चित्रं बिकानेरला पोहोचली आणि तिथल्या चित्रकारांनी त्यांचा ढंग उचलला.

आता या चित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? दरबारी चित्रकाराचं पोट राजाच्या मर्जीवर. राजाला जसं दिसावंसं वाटे, तसं तो काढणार. चिपळ्या वाजवणाऱ्या याच इब्राहिमने 1619 साली शेजारचं बिदरचं राज्य गिळलं. ते या चित्रांत शोधूनही सापडत नाही!