पाण्याखालचा रेशीमकार

ओल्या पाकिटावर तिकीट नीट चिकटत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. मध्यें पाणी शिरलें, कीं उत्तम डिंकही हार खातो. परंतु ओढ्याच्या वाहत्या पाण्यांत राहून हेंच काम बिनचूक करणारा एक कारागीर आहे. तो म्हणजे कॅडिस नांवाच्या माशीची अळी.

हिचें अंग मऊ आणि मासे हिचे वैरी. म्हणून ती ओठांतून रेशमाची चिकट फीत काढते व तिनें वाळूचे कण, काटक्या सांधून अंगाभोंवतीं नळीसारखें घर रचते. कांहीं जातींच्या अळ्या दगडांमध्यें जाळें विणतात; प्रवाहाबरोबर येणारें अन्न त्यांत आयतेंच अडकतें.

पैठणीचें रेशीम देणारा किडा हा हिचा दूरचा भाऊबंद. मग पाण्यांत चिकटण्याची विद्या हिलाच कशी? अमेरिकेंतील युटा विद्यापीठाचे रसेल स्टुअर्ट यांनी २०१० सालीं याचा उलगडा मांडला. हिच्या रेशमांतील प्रथिनाला जागोजाग फॉस्फेट जडलेलें असतें आणि कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतें. तें कॅल्शियम काढून घेतल्यास धागा दुबळा होतो.

शस्त्रक्रियेंतील जखमही ओलीच असते. ती सांधणारा डिंक याच धर्तीवर करितां यावा, अशी शास्त्रज्ञांची उमेद आहे.

तेव्हां ओढ्यांतील दगडाखालीं वाळूची इवलीशी नळी आढळली, तर मुलांना ती अवश्य दाखवावी. आणि मग दगड हलक्या हातानें होता तसा ठेवावा. आंत घरधनी असेल!